गुड मॉर्निंग पथक, हिमालय शाखा

"कौन गिरा? कौन गिरा?"

वरच्या बर्फाच्या उतारावरून आमचा गाईड ओरडत येत होता. येत होता म्हणजे काय, निम्मा पळत होता, निम्मा घसरत होता आणि उरलेला लंगडत होता. त्याच्यामागं त्याचा जोडीदार, खांद्यावर दोराचं भेंडोळं घेऊन. खालच्या अंगाला दुसऱ्या एका मोहिमेचे तंबू होते. तिकडून चार माणसं स्ट्रेचर घेऊन सुटली होती आणि त्यांच्यापुढं एक जण ऑक्सिजनचं नळकांडं छातीशी कवटाळून, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखं. वॉकीटॉकीवर बेस कॅम्पचा माणूस वेगळाच बोंबलत होता. जिथं बुटाची नाडी बांधली तरी माणसाला पाच मिनिटं धाप लागते, तिथं दहा-बारा जण एकाच वेळी धावत होते.

आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, माझ्यापासून वीस पावलांवर, पुण्याचे एक अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ पॅन्ट गुडघ्यापर्यंत उतरवून बसले होते.

शिट्टी माझ्या तोंडात होती.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मारली ह्यानं थाप. तुमचं चुकत नाही. थापाड्या म्हणून मला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके ओळखतात, आणि खेड तालुक्यातही माझं बरं नाव आहे. ठिबकच्या नळ्यांचं माझं दुकान आहे. गिऱ्हाईक नळीला येतं आणि गोष्ट घेऊन जातं. उसातून निघालेला बिबट्या मी नुसत्या शिट्टीनं माघारी धाडला, ही गोष्ट मी आजवर चारशे वेळा तरी सांगितली असेल. पहिल्या वेळी बिबट्या वासराएवढा होता, आता तो चांगला रेड्याएवढा झालाय. खरं सांगायचं तर ते शेजाऱ्याचं कुत्रं होतं, आणि तेही शिट्टीला भिऊन नव्हे, मला कंटाळून गेलं.

पण शिट्टी खरी होती. तिची हकीकत आधी सांगतो.

आमच्या गावाचं नाव मात्र सांगत नाही. पिंपरी पेंढारच्या लोकांना विचारलं तर ते येडगावकडं बोट दाखवतील आणि येडगावचे लोक पिंपरी पेंढारकडं. इतकं ते दोघांनाही नको आहे. तर काही वर्षांपूर्वी गाव हागणदारीमुक्त करायचं फर्मान आलं. घरोघर संडास बांधले. लोकांनी त्यांत गोवऱ्या रचल्या, कांदा साठवला, एकानं तर शेळीची करडं बांधली, आणि सगळे पुन्हा टमरेल घेऊन ओढ्याकाठी. मग त्यांना उठवायला पथक निघालं. त्याचं नाव गुड मॉर्निंग पथक. त्यात ग्रामसेवक, शाळेतले एक गुरुजी आणि मी. पहाटे ओढ्याकाठानं हिंडायचं, कुणी बसलेला दिसला की शिट्टी फुंकायची. तीन आखूड, एक लांब. तो उठेपर्यंत थांबायचं नाही. उठला की त्याच्या हातात गुलाबाचं फूल द्यायचं आणि म्हणायचं, "गुड मॉर्निंग." ग्रामसेवकाच्या हातात बॅटरी, गुरुजींच्या हातात गुलाब, आणि फुप्फुसं माझी दांडगी म्हणून शिट्टी माझ्याकडं.

दोन हिवाळे मी ती फुंकली. उघड्यावर बसलेला माणूस दिसला की मेंदूला कळायच्या आत गाल फुगायचे. नाक तर असं तयार झालं की वाऱ्याच्या एका झुळकीवर सांगायचो, वरच्या आळीतला हाय, आणि काल मेथी खाल्लीय. घाणीची मला अशी शिसारी बसली की मी सोयऱ्यांच्या घरी गेलो तरी आधी त्यांचा संडास बघायचो, मग चहा घ्यायचो.

मग तपासणीला समिती आली. ओढ्याकडं जायची वाट माझ्या दुकानावरून जाते. समितीला मी चहा पाजला आणि बिबट्या सांगितला. मग बिबट्याची मादी सांगितली. मग तिची पिल्लं. समिती उठली तेव्हा दिवस मावळायला आला होता. ओढा बघायचा तसाच राहिला, आणि महिन्याभरात गावाच्या फाट्यावर पाटी लागली: 'हागणदारीमुक्त गावात आपले सहर्ष स्वागत.' पाटी लागली त्या दिवशी पथक मोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खं गाव ओढ्याला. शिट्टी दुकानातल्या खिळ्याला लटकत राहिली.

आता अशा माणसाला हिमालय कुठून सुचला? तोंडातून सुचला. रविवारी आम्ही पाच-सहा जण डोंगर चढतो. हडसर, जीवधन, नाणेघाट. एकदा जीवधनच्या माथ्यावर कुणीतरी पुण्याचा ट्रेकर भेटला, त्याला मी सहज म्हणालो, "हे काय, पुढच्या साली हिमालयातलं शिखर करायचंय." आयुष्यात पहिल्यांदा समोरचा हसला नाही. त्यानं विचारलं, "कुठल्या कंपनीबरोबर?"

तेव्हा मला कळलं की हिमालय चढवणाऱ्या कंपन्या असतात. पैसे भरायचे, डॉक्टरचा दाखला जोडायचा, बाकी दोर, तंबू, जेवण, गाईड सगळं त्यांचं. शिखरही ज्याला त्याला झेपेल तसं. मी निवडलं ते सहा हजार मीटरच्या वरचं. म्हणजे शिवनेरीवर शिवनेरी असे सहा रचायचे आणि सहाव्यावर उभं राहायचं.

गावात हे सांगितलं तर पारावर एकजण म्हणाला, "हिमालयात बी बिबटे अस्त्यात, शिट्टी न्या बरं." दुसरा म्हणाला, "नेऊ नका राव. त्याची काय गरज न्हाई, तोंड हाय ना संगं." एकानंही विश्वास ठेवला नाही. मी पैशाची पावती दाखवली, तर म्हणाले ती फ्लेक्सवाल्यानं छापून दिली असंल.

फ्लेक्सवाला म्हणजे माझा लंगोटीयार. बाजारपेठेत त्याचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, दहावा, सगळ्याचे बोर्ड तोच छापतो आणि सगळे आधीच तयार ठेवतो. निवडणुकीत तर दोन्ही बाजूंचे विजयाचे बोर्ड त्याच्याकडं मतमोजणीच्या आदल्या दिवशी गुंडाळून ठेवलेले असतात. मी निघायच्या आठ दिवस आधी तो म्हणाला, "मजकूर सांगून जा लेका. तू यायच्या दिवशी लागला पायजे."

"अरे, चढू तर दे आधी."

"तू चढ. म्या छापतो. ज्याचं त्याचं काम."

आणि लाज वाटते, पण मजकूर मीच सांगितला. 'हिमालयातील अत्युच्च शिखर यशस्वीपणे सर केल्याबद्दल आपल्या गावचे सुपुत्र...' 'अत्युच्च' हा शब्द माझा. त्याला तो तीनदा लिहून दाखवावा लागला.

बायको मात्र हसली नाही, भांडलीही नाही. ती लोणीची, आंबेगावच्या पूर्वेकडची. तिकडं एके काळी पाणी जपून वापरायची सवय होती, ती तिच्या बोलण्याला अजून आहे. बॅगेत लसणाची चटणी भरता भरता म्हणाली, "जाताय तर जावा. पण आल्यावर मला एक डाव, एकच डाव, जे झालं तेच सांगा. इतक्या वर्सांत तुमची एक बी खरी गोष्ट मला ठावं न्हाई."

हे मला लागलं. बिबट्या लागला नसता इतकं लागलं. म्हटलं, आता शिखरावर उभा राहतो, आणि आल्यावर तिच्यापुढं बसून सांगतो. एक इंच वाढवणार नाही. मला शिखर कशाला हवं होतं विचाराल तर एवढ्यासाठी. एक तरी गोष्ट अशी हवी होती, जी फुगवल्याशिवाय मोठी असेल.

हिमालय दुरून फार सुंदर आहे. दुरूनच बघावा.

बेस कॅम्पला पोचेपर्यंत मी भारावून गेलो होतो. निळं आभाळ, पांढरे डोंगर, ओढ्याचं पाणी असं की पेल्यात घेतलं तर पेला रिकामा वाटावा. मोहिमेत आम्ही सात जण होतो. माझ्या तंबूत आले ते पुण्याचे साहेब. कुठल्याशा मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पंचावन्नच्या आसपास, चेहरा असा स्वच्छ की वाटावं रोज सकाळी ड्रायक्लीन करून आणतात. पहिल्याच संध्याकाळी मला म्हणाले, "तुम्ही ग्रामीण मंडळी भाग्यवान हो. निसर्गाच्या सान्निध्यात असता. आम्हाला शुद्धता शोधायला इतक्या लांब यावं लागतं."

मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडं सान्निध्य जरा जास्तच आहे." त्यांना कळलं नाही.

गाईड हिमाचलकडचा, तिशीतला, काटकुळा. मोजकं बोलायचा आणि आम्हा सगळ्यांना अंकल म्हणायचा. त्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. दोर कसा धरायचा, डोकं दुखलं तर लपवायचं नाही, पाणी किती प्यायचं. मग रकसॅकच्या छातीवरच्या पट्ट्याकडं बोट दाखवलं. तिथल्या बकलातच एक बारकी शिट्टी बसवलेली असते. ती का असते आणि केव्हा वाजवायची, हेही त्यानं सांगितलं म्हणे. म्हणे अशासाठी, की शिट्टी दिसल्याबरोबर मी शेजारच्याला बिबट्या सांगायला सुरुवात केली होती.

शेवटी त्यानं प्रत्येकाला चंदेरी पिशव्या वाटल्या. आत कसली तरी पावडर. वरच्या कॅम्पवर, म्हणाला, ह्यातच जायचं, तोंड बांधायचं आणि खाली घेऊन यायचं. वर काही कुजत नाही, गाडता येत नाही, आणि प्यायचं पाणी त्याच बर्फाचं करायचं असतं. मी उठून टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. साहेब मला तंबूत म्हणाले, "अहो, इतके पैसे भरून स्वतःचं हे वाहून आणायचं? माणसाची काही डिग्निटी असते की नाही?"

मग आम्ही वरच्या कॅम्पला चढलो. तीन दिवस लागले, ते सांगत बसत नाही. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालते आणि पाय दुसऱ्याचे असतात. पण तिथं पोचलो, आणि ज्या पांढऱ्या डोंगराची मी वर्षभर स्वप्नं पाहिली तो जवळून पाहिला.

आमच्याकडं शेणाला मान असतो. उकिरडा ठरल्या जागी असतो, पावसाच्या आधी तो रानात पांगवतात, आणि माती त्याचं सोनं करते. आमचा ओढा घाण खरा, पण दोन उन्हं आणि एक पाऊस झाला की ज्याचं त्याला परत जातं. इथं काहीच परत जात नव्हतं. गेल्या साली कुणी ठेवलेलं जसंच्या तसं. त्याच्या आदल्या सालचंही. बर्फ जिथं उन्हानं पातळ झालं होतं तिथं थरावर थर दिसत होते, शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे दाखवतात तसे. मोठमोठ्या माणसांनी देशोदेशींहून येऊन फ्रीजमध्ये ठेवून दिल्यासारखं ठेवलं होतं. दगडांच्या आडोशाला टिश्यूपेपर फडफडत होते, गावच्या जत्रेत पताका फडफडतात तसे. पत्र्याचे डबे, फाटका तंबू, उलटी. मी दोन हिवाळे एका अख्ख्या गावाची घाण बघितलेला माणूस. मला तिथं ओकारी आली. आणि ओकायला स्वच्छ जागा सापडेना.

एकच जागा नितळ होती. कॅम्पच्या वरच्या अंगाला, एका खडकाजवळ. तिथं गाईडनं चार काठ्या रोवून लाल फडकं बांधलं होतं. तिथलं बर्फ पातेल्यात भरायचं, स्टोव्हवर वितळवायचं आणि तेच प्यायचं. सगळ्यांना सांगितलं होतं, ह्याच्या आसपास फिरकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शिखर. आदल्या दिवशी विश्रांती. त्या पहाटे गाईड आणि त्याचा जोडीदार अंधारातच वर गेले होते, शेवटच्या खड्या चढावर दोर बांधायला. माथा समोर दिसत होता. येडगावच्या धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो, तेवढाच लांब. हवा चोख. मी पातेलं घेऊन चहाच्या बर्फाला निघालो. रकसॅकही पाठीला होती. उद्याचा सराव म्हणून मी ती संडासाला जातानाही घालत होतो. उजाडायला लागलं होतं, पाय करकरत होते, थंडी आमच्या ओढ्याच्या हजारपट. तरी मला घरच्यासारखं वाटलं. हीच माझी ड्युटीची वेळ.

आणि खडकाला वळसा घातला तर लाल फडक्याच्या दोन हात वर, उताराच्या वरच्या बाजूला, साहेब बसले होते.

शुद्धता शोधत होते.

चंदेरी पिशवी त्यांच्या शेजारी घडीसुद्धा न मोडता पडली होती. मी काय विचार केला असं तुम्ही विचाराल. काही केला नाही. गाल फुगले. हात छातीच्या पट्ट्याकडं गेला आणि हिमालय दणाणून गेला. तीन आखूड, एक लांब. साहेबांनी वळून बघितलं, हातानं 'जा, जा' केलं. उठले नाहीत. पथकाचा नियम काय? उठेपर्यंत थांबायचं नाही. मी थांबलो नाही. पलीकडच्या कड्यावर आपटून आवाज परत यायचा, मला वाटायचं दुसरं पथकही आलंय, मी आणखी जोरात फुंकायचो.

डोंगरात सारखी सारखी शिट्टी वाजली तर त्याचा अर्थ एकच: माणूस मरतोय, सगळं टाकून या. हे लहान लेकराला माहीत असतं. मला नव्हतं.

तर तिथून मी सुरुवात केली होती. गाईड माझ्यापुढं येऊन कोसळला. गुडघा धरून. तोंडातून वाफ, मिशीवर बर्फ.

"अंकल, कौन गिरा?"

माझी हिंदी टीव्हीवरची. म्हणालो, "गिरा कोई नहीं. वो बैठा था."

"कहाँ बैठा था? खाई में?"

"नहीं रे. संडास को."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं बघितलं. साहेब आता उभे राहून पॅन्ट वर ओढत होते, आणि स्ट्रेचरवाले चौघं, ऑक्सिजनवाला, आमच्या मोहिमेतले पाच जण असे सगळे अर्धगोल करून त्यांच्याकडं बघत होते. गुलाब तेवढा नव्हता.

"दिस इज हॅरॅसमेंट," साहेब म्हणाले.

स्ट्रेचर आणलंच होतं, म्हणून त्यावर गाईडला घातलं. पळत येताना बर्फाखालच्या फटीत त्याचा पाय गेला होता. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. इथं मी वाढवून सांगत नाही, नारळ म्हणजे नारळ. दोर निम्माच बांधून झाला होता, आणि जोडीदार एकटा सात जणांना वर नेऊ शकत नव्हता. वॉकीटॉकीवर खालून हुकूम आला. गाईडनं तो ऐकला आणि डोळे मिटूनच आम्हाला सांगितला, "ऊपर कोई नहीं जाएगा. सामान बाँधो."

माथा तसाच समोर होता. दुपारी त्यावर ऊन पडलं होतं. त्या दिवशी सकाळी कुणी मला पाच मिनिटं तोंड बंद ठेवायला लावलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी तिथं उभा असतो.

बाकीचे पाच जण माझ्याशी बोलले नाहीत. बरोबर केलं त्यांनी. मी पातेलं खाली ठेवलं, चंदेरी पिशवी उचलली, आणि लाल फडक्याच्या वरचं साहेबांचं सगळं खरवडून आत भरलं. तोंड बांधलं. माझ्या पिशवीशेजारी ती रकसॅकला लटकवली. गाईडचं निम्मं सामान वरून घेतलं आणि उतरायला लागलो. दोन दिवस. पावला-पावलाला दोन पिशव्या पाठीवर थपथप करायच्या. साहेब माझ्यापुढं हात हलवत चालले होते, पाठीवर ओझं बेताचं, डिग्निटी शाबूत. वाटेत एक बर्फाचा उंचवटा लागला, तिथं त्यांनी खिशातून झेंडा काढला आणि कुणाकडून तरी फोटो काढून घेतला. मला म्हणाले, "तुम्हीही घ्या हो. खालून कुणाला काय कळतंय?"

मी आयुष्यभर जे केलं तेच हा माणूस करत होता. फक्त इतक्या स्वच्छ हातमोज्यांनी मी कधी केलं नव्हतं. फोटो मी घेतला नाही. मोठेपणा म्हणून नाही. पाठीवर जे होतं त्याच्यासकट हसायला जमेना.

बेस कॅम्पला गाईडच्या तंबूत जाऊन बसलो. त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधली होती, खाली नेणारी गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. त्याच्या हंगामाचे दोन महिने माझ्या शिट्टीनं नेले होते. मी माफी मागितली. पथकाचं सगळं सांगितलं, ग्रामसेवक, गुरुजी, गुलाब. तो पहिल्यांदाच थोडा हसला. मी बकलातली शिट्टी उपटायला गेलो तर म्हणाला, "रहने दो अंकल. कभी सच में गिर गए तो?"

मग म्हणाला, "फिर आपके गाँव में रुक गया? सीटी से?"

तोंडात थाप तयार होती. रुक गया, पूरा रुक गया, आसपास के गाँव भी सुधर गए. पण ओठाशी आली आणि तिचा वास आला. म्हणालो, "बोर्ड लग गया."

त्यानं मान हलवली आणि कूस बदलली.

नारायणगावला उतरून जीप धरली. गावाच्या फाट्यावर आलो तर बोर्ड लागला होता. बारा फूट रुंद. 'अत्युच्च' बरोबर लिहिलं होतं. फोटो माझा जीवधनवरचा, मागं कम्प्युटरवर बर्फ टाकलेलं, आणि त्या बर्फात माझ्या पायात चप्पल. बांबूला जागा नव्हती म्हणून हागणदारीमुक्तच्या जुन्या पाटीच्या खांबालाच त्याची एक बाजू बांधली होती. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण तोंडानं मारल्या, वाऱ्यावर गेल्या. ही अशी बारा फुटांची, रंगीत, चार कोपरे ताणून बांधलेली मी कधी समोरून बघितली नव्हती. त्या वरच्या कॅम्पवर आली होती तशीच ओकारी आली. जीपवाला म्हणाला, "अभिनंदन, भाऊ." मी तोंड फिरवून आडवाटेनं घरी गेलो.

बायकोनं भाकरी वाढली. मी सांगितलं. शिट्टी, साहेब, गुडघा, पिशव्या, सगळं. एक इंच वाढवलं नाही. वाढवायला जागाच नव्हती. ती ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी उठली नाही. मग म्हणाली, "हे खरं हाय."

"कशावरनं?"

"ह्यात तुमी कुठंच मोठं दिसत न्हाई."

इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. ती उठली, करपलेली भाकरी बाजूला काढली आणि पाठमोरी म्हणाली, "पर त्यो बोर्ड फाट्यावर लटकतोय तवर हे माज्या एकटीपुरतंच खरं. तेवढा उतरवा."

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी फ्लेक्सवाल्याकडं गेलो. तो नुकताच शटर वर करून उदबत्ती लावत होता. मला बघून हात पसरून आला, "या, अत्युच्च पावणं!"

म्हणालो, "बोर्ड उतरव."

"का? चप्पल दिसतीया म्हणून? ती खोडतो की."

"मी चढलोच नाही." आणि त्यालाही सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. मध्येच डोळे पुसत म्हणाला, "बिबट्यापेक्षा भारी हाय राव ही. सत्कार ठिवू तुजा, तिथं हीच सांग." मग माझा चेहरा बघून त्याचं हसू हळूहळू विरलं.

"खरंच न्हाई चढला?"

"नाही. खोटा बोर्ड आहे तो. माझ्या नावाचा आहे. उतरव."

त्यानं उदबत्ती देवाच्या फोटोपुढं खोचली, काडी विझवली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्याच खांबावर हागणदारीमुक्तची पाटी हाय. ती उतरवली का कवा आपण?"